परसातला सायकस आणि त्याचा संकर



कुडाळच्या आसपास कुठल्याही वाडीतून फेरी मारा. एखाद्या घराच्या खळ्यात, तुळशीवृंदावनाच्या बाजूला किंवा फाटकाशी एक ठेंगणे झाड हमखास दृष्टीस पडते. बुंधा खवल्याखवल्यांचा, माथ्यावर चुडतांसारख्या पानांचा झुबका. नवखा पाहुणा त्याला माडाचे रोप समजतो. मुले तर सरळ विचारतात, "ह्या माडाक नारळ कित्याक धरणत नाय?"

प्रश्न बरोबर आहे, पण झाड माडाचे नव्हे. माड, पोफळ, ताड यांच्या कुळाशी त्याचे काही नाते नाही. हा सायकस. शिक्षक मंडळींना हे नाव परिचयाचे आहे. अनावृतबीजी वनस्पतींची उदाहरणे देताना ते पाठ्यपुस्तकात येते. अनावृतबीजी म्हणजे ज्यांचे बी फळाच्या पोटात झाकलेले नसते, उघड्यावरच वाढते अशा वनस्पती. सायकसला फूल नाही आणि फळही नाही. येते ते एकदम बी.

हे घराणे फार जुने. सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत त्याचे ठसे मिळतात. तेव्हा पृथ्वीवर फुलझाडे आलेलीच नव्हती. म्हणून सायकसला "जिवंत जीवाश्म" म्हणण्याची पद्धत पडली आहे. ती पुरती खरी मात्र नाही. आज जगात या घराण्याच्या साडेतीनशेच्या वर जाती आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक गेल्या सव्वा कोट वर्षांत फुटलेल्या आहेत, असे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. आजोबा फार जुने, पण नातवंडे तरुण! ही भावंडे एकमेकांपासून अजून फार लांब गेलेली नाहीत. म्हणूनच एका जातीचा पराग दुसरीच्या बीजाला लागू पडतो, आणि आपल्या परसातसुद्धा संकर सायकस तयार करता येतो. तो कसा करावा, आणि करताना कोणती जबाबदारी आपल्यावर येते, हे आज सांगायचे आहे.

आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकारचे सायकस दिसतात. एक जपानी. तो दक्षिण जपानच्या बेटांवरचा. त्याची पाने आखूड, ताठ, टोकाला सुईसारखी टोचणारी. पात्यांच्या कडा खाली मुडपलेल्या. वाढ अतिशय सावकाश. दुसरा आपला मलबारी सायकस, ज्याला कुठे कुठे मलबारी सुपारी म्हणतात. तो पश्चिम घाटाचाच रहिवासी. केरळ, तमिळनाडू, कर्नाटक आणि दक्षिण महाराष्ट्र एवढाच त्याचा मुलूख. साऱ्या जगात तो इतरत्र कुठेही आपणहून उगवत नाही. याची पाने लांब, पुरुषभर उंचीची किंवा त्याहून मोठी, पाती सपाट आणि मऊ, झुबका छत्रीसारखा पसरणारा. जपान्यापेक्षा हा लवकर वाढतो. दोन्ही शेजारी शेजारी असले, तर पात्यावरून बोट फिरवून डोळे मिटूनही ओळखता येतात.

आता संकर म्हणजे काय, हे सिंधुदुर्गातल्या बागाईतदाराला नव्याने सांगण्याचे कारण नाही. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातून १९८१ साली बाहेर पडलेला रत्ना आंबा हा नीलम आणि हापूस यांचा संकर. तिथलाच वेंगुर्ला-४ काजू हाही संकर, आणि त्याच्या आईबापांपैकी एक तर वेंगुर्ले तालुक्यातल्या वेतोऱ्याचा. एकाचा गुण आणि दुसऱ्याचा गुण एका झाडात आणायचा, एवढाच त्यातला हेतू. सायकसमध्येही लोक हेच पाहतात. जपान्याचा काटकपणा आणि मलबाऱ्याचे मऊ, लांब पान एका झाडात आले तर कोणाला नको आहे? चीनच्या ग्वांगशी प्रांतात देबाओ नावाचा एक सायकस आहे. त्याची पाती फाट्याफाट्यांची, नेच्यासारखी असतात. या जातीचे शास्त्रीय वर्णन १९९७ साली झाले. परदेशांतल्या रोपवाटिकावाल्यांनी जपानी सायकसशी त्याचा संकर केला, आणि त्या रोपांना पुष्कळ मागणी असते.

पण एक फरक आधीच ध्यानात घ्यावा. आंब्या-काजूचा एक चांगला संकर मिळाला, की त्याची हजारो कलमे बांधता येतात, आणि प्रत्येक कलम मूळ झाडासारखेच निघते. सायकसचे तसे कलम होत नाही. बियांपासून जितकी रोपे येतील तितक्या तऱ्हा. कोणी आईवर जाईल, कोणी बापावर, कोणी दोघांच्या मधले. पुढे त्या झाडाच्या बुंध्याला फुटवे आले, तर तेवढे मात्र हुबेहूब मूळ झाडासारखे असतात. ते करवतीने अलग करावेत, त्यांची पाने छाटावीत, जखम सावलीत आठवडाभर सुकू द्यावी आणि मग वाळूत लावावेत. यापलीकडे वाढवण्याचा सोपा मार्ग नाही. तेव्हा ज्याला झटपट धंदा करायचा आहे त्याने या नादाला लागू नये. हा शांत माणसाचा छंद आहे.

सायकसमध्ये नर वेगळा, मादी वेगळी. पपईचे उदाहरण आपल्याला माहीत आहेच, तसेच हे. पपई सहा-आठ महिन्यांत आपली जात सांगते. सायकसला बियांपासून लावल्यावर सहज दहा वर्षे लागतात, जपान्याला जास्तच. तोवर नर की मादी हे नुसत्या पानांवरून सांगता येत नाही. कोणी ठामपणे सांगू लागला तर त्याचे ऐकून घ्यावे, पैसे मात्र देऊ नयेत. नराच्या माथ्यावर मधोमध एक उभा, पिवळसर, कणसासारखा शंकू येतो. तो हातभर लांबसुद्धा होतो. मादीला असा घट्ट शंकू नसतो. तिच्या माथ्यावर तपकिरी लोकर पांघरलेल्या लहान लहान पानांचा गोल गड्डा येतो, आणि त्या प्रत्येक पानाच्या कडेला मण्यांसारखी बीजांडे लागलेली असतात.

या बीजांडाच्या आत जे घडते ते मुलांना सांगण्याजोगे आहे. पराग बीजांडात शिरला, की त्यातून तयार होणारा पुंबीज अंगावरच्या बारीक केसांनी पोहत पोहत स्त्रीबीजाकडे जातो. शेवाळी आणि नेचे यांचे पुंबीज पोहतात हे ठाऊक होते, पण बी धरणाऱ्या झाडातही ते पोहतात हे १८९६ साली जपानात कळले. हिरासे यांनी गिंको या झाडात आणि इकेनो यांनी सायकसमध्ये ते पाहिले. सायकसच्या घराण्यातले पुंबीज वनस्पतींमध्ये सर्वांत मोठे. नजर चांगली असेल तर टिंबासारखे दिसण्याइतके. पराग लागण्यापासून फलन होईपर्यंत महिनेच्या महिने जातात. झाडाला आपल्याइतकी घाई नाही.

निसर्गात सायकसचा पराग नेण्याचे काम मुख्यतः लहान भुंगेरे करतात. परक्या मुलखातून आणलेल्या झाडाचा भुंगेरा त्याच्याबरोबर येत नाही. शिवाय आपल्या वाडीत नर एका टोकाला आणि मादी दुसऱ्या टोकाला. म्हणून हे काम हाताने करावे लागते. पद्धत अशी.

आपल्याकडे शंकू बहुधा उन्हाळ्याच्या उत्तरार्धात किंवा पावसाच्या तोंडावर येतात. नराचा शंकू सैल होऊन खवल्यांमधून पिवळी पूड झडू लागली, की सकाळी दव सुकल्यावर तो कापावा आणि घरात वर्तमानपत्रावर आडवा ठेवावा. वास उग्र असतो, तेव्हा माजघरात ठेवू नये. दोन दिवसांत कागदावर पिठासारखा पराग जमतो. तो पातळ फडक्यातून गाळून आणखी एक दिवस सावलीत सुकवावा, कागदाच्या पुडीत बांधावा आणि घट्ट झाकणाच्या बाटलीत घालावा. बाटलीत ओल शोषणारे सिलिका जेलचे खडे टाकावेत. ओल हीच परागाची वैरी. पूर्ण सुकलेला पराग शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात काही महिने टिकतो. संकराच्या कामी याचा फार उपयोग, कारण मलबाऱ्याचा नर आणि जपान्याची मादी एकाच आठवड्यात तयार होतील असा नेम नसतो.

मादीवर नजर ठेवणे हे खरे कौशल्य. तिचा गड्डा आधी घट्ट मिटलेला असतो. मग एके दिवशी लोकरी पाने किंचित सैल होतात, आत बोट जाईल एवढी फट पडते. नीट पाहिले तर बीजांडाच्या टोकाशी दवबिंदूसारखा थेंब दिसतो. हाच पराग पकडणारा थेंब. ही संधी थोडे दिवसच असते. मऊ कुंचल्याने किंवा रबरी फुग्याच्या पिचकारीने कोरडा पराग सगळ्या फटींतून सोडावा, आणि दोन-तीन दिवस रोज एकदा तसेच करावे. थोडा पराग फार झाडांना पुरवायचा असेल तर शंखजिऱ्याची बारीक पूड मिसळावी. संकर करायचा, तर ही मादी आधी तिच्या जातीच्या जवळच्या नराने गाठलेली नसावी, हे उघड आहे. म्हणून गड्डा सैल होण्याआधीच त्यावर पातळ कापडाची पिशवी चढवावी आणि काम झाल्यावर पुन्हा चढवून ठेवावी. मृगाचा पाऊस धरला असेल तर वर एखादे जुने इरले किंवा पत्र्याचा तुकडा टेकू देऊन बसवावा. पाणी गड्ड्यात मुरले तर पराग तर जातोच, गड्डाही कुजतो.

यानंतर बी फुगू लागते. इथे पुष्कळजण फसतात. सायकसचे बी पराग न लागताही बऱ्याच वेळा पूर्ण आकाराचे होते, रंगही धरते, आणि आत पोकळ निघते. तेव्हा मोठे बी दिसले म्हणून संकर साधला असे समजू नये. जपान्याचे बी शेंदरी-लाल होऊन आपणहून सुटू लागले, की काढावे. हातांत रबरी मोजे घालून वरची साल खरवडावी आणि बी पाण्यात टाकावे. जपान्याचे भरीव बी बुडते, पोकळ तरंगते. मात्र काही जातींच्या बियांत भेंडासारखा थर असतो, त्या चांगल्या असूनही तरंगतात. त्यांना ही परीक्षा लावून फेकून देऊ नये.

बी झाडावरून सुटले तरी आतला अंकुर पुष्कळदा कच्चाच असतो. ते दोन-तीन महिने सावलीत, किंचित ओलसर वाळूत ठेवून मग पेरावे. नदीची जाड वाळू, थोडा नारळाच्या सोढणाचा भुसा, एवढे पुरे. बी आडवे ठेवावे, निम्मे वर राहील असे. उगवायला दोन महिने लागतील, सहाही लागतील. मूळ सरळ खोल जाते, म्हणून पिशवी उंच घ्यावी. पहिल्या वर्षी एक-दोन पाने आली तरी पुष्कळ झाले म्हणावे.

रोप काढताना मातीच्या वरच्या थरात पोवळ्यासारखी गाठाळ, वर वळलेली मुळे दिसली, तर रोग समजून कापू नयेत. त्या गाठींत नीलहरित शैवाल राहते आणि हवेतला नत्र झाडाला पुरवते. एखादी गाठ आडवी कापून शाळेच्या भिंगाखाली धरली, तर आत हिरवट कडे स्पष्ट दिसते. घेवड्याच्या मुळावरच्या गाठी मुलांना दाखवतोच. त्याच धड्याला ही जोड चांगली. घरचीच सोय असल्याने सायकसला नत्राचा मारा लागत नाही. वर्षाला दोन घमेली कुजलेले शेणखत पुरे होते.

आपल्याकडे सायकस मरतो तो उपासाने नव्हे, पाण्याने. कुडाळचा पाऊस आपल्याला ठाऊक आहे. भंगसाळ नदी दुथडी वाहू लागली, की परसातले प्रत्येक आळे तळे होते. माडाला आळे करतो तसे सायकसला करू नये. उलट जांभ्याचे तुकडे रचून वीतभर उंच चौथरा करावा, त्यावर माती, वाळू आणि थोडा पालापाचोळा घालून झाड बसवावे, आणि बुंध्याचा कंद मातीत गाडू नये. जांभ्याच्या उतारावरचे झाड आणि सखल कुणग्यातले झाड पाच वर्षांनी शेजारी ठेवून पाहा, अधिक सांगावे लागणार नाही. मलबाऱ्याला दुपारची सावली मानवते. जपान्याला भरपूर ऊन द्यावे.

कीड मुख्य दोन. पहिली एका लहान निळसर फुलपाखराची अळी. सायकसला पाने एकदम झुबक्याने फुटतात, आणि नेमकी ती कोवळी असताना हे फुलपाखरू अंडी घालते. अळ्यांच्या मागे मुंग्या लागलेल्या असतात. अळी पाझरवते तो गोड रस त्यांना हवा असतो, आणि त्या बदल्यात त्या तिची राखण करतात. मुंग्यांची रांग दिसली की ओळखावे. चार दिवसांत सगळा झुबका झडून नुसत्या काड्या उरतात. उपाय साधा: नवा कोंब दिसताच त्यावर जुन्या मच्छरदाणीचे कापड बांधावे आणि पाने कडक झाल्यावर, दोन-तीन आठवड्यांनी, काढावे. फवाऱ्याची गरज क्वचितच पडते.

दुसरी कीड पांढऱ्या खवल्यांची. पानाच्या खालच्या बाजूला चुना मारल्यासारखे दिसते. प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावर ही खवलेकीड २००३ साली पोहोचली. तिथल्या रानात सर्वाधिक संख्येने असलेले झाड सायकसच होते. थोड्याच वर्षांत ते नामशेष होण्याच्या धोक्यात असलेल्या झाडांच्या यादीत गेले. ही कीड शोभेच्या रोपांबरोबर देशोदेशी फिरते. म्हणून बाहेरून आणलेले रोप महिनाभर बाजूला ठेवून, पाने उलटी करून तपासल्याशिवाय आपल्या झाडांत मिसळू नये.

आता सर्वांत महत्त्वाचे सांगतो. सायकस विषारी आहे. पान, बुंधा, बी, सगळेच. आणि बी सर्वांत जास्त. त्यातले सायकासिन नावाचे द्रव्य यकृतावर परिणाम करते. बी चघळलेले कुत्रे दगावल्याच्या घटना पुष्कळ आहेत, आणि पाला खाणाऱ्या गुरांचे मागचे पाय लुळे पडतात. मलबारात ईंत या नावाने हेच बी कापून, वाळवून, पुन्हा पुन्हा पाण्यात काढून त्याच्या पिठाचे पदार्थ करण्याची जुनी रीत आहे. ती पिढ्यानपिढ्यांची माहिती असलेल्या हातांची गोष्ट. १९२० नंतरच्या मंदीत जपानच्या ओकिनावा बेटांवर लोकांना पोटासाठी सायकस खावा लागला, आणि तो नीट न धुतल्याने माणसे मेली. तो काळ तिथे "सायकसचा नरक" या नावानेच ओळखला जातो. इंग्रजीत या झाडाला सागो पाम म्हणतात, त्यावरून कोणी याला साबुदाण्याचे झाड म्हणेल. आपला उपासाचा साबुदाणा टॅपिओकाच्या कंदाचा, बहुतेक तमिळनाडूतल्या सेलमकडचा. त्याचा सायकसशी काडीचा संबंध नाही.

म्हणून शाळेच्या आवारात मादी सायकस असेल, तर काम झाल्यावर एकही लाल बी खाली पडू देऊ नये. त्यांचा रंग लहान मुलांना मोह घालणारा असतो. गोठ्याजवळ तर हे झाड लावूच नये, आणि छाटलेली पाने उकिरड्यावर न टाकता पुरावीत. कोणी बी खाल्ल्याचे कळले, तर घरगुती उपाय करत न बसता उरलेले बी बरोबर घेऊन सरळ दवाखाना गाठावा.

शेवटी रानाविषयी. आपला मलबारी सायकस आज धोक्यात आलेल्या जातींत गणला जातो. जंगल तुटले, मांडवाच्या नि पुष्पगुच्छांच्या शोभेसाठी पाने ओरबाडली गेली, औषधासाठी नराचे शंकू काढले गेले, बी गोळा झाले. तेव्हा संकरासाठी म्हणून रानातले झाड उपटून आणणे हे पाप तर आहेच, शिवाय सायकसवर्गातल्या सगळ्याच जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. परसातल्या झाडांपासून परसातच रोपे केली, तर उलट रानावरचा भार हलका होतो.

संकराचा उपयोग कुठवर जातो याचे एक उदाहरण दक्षिण आफ्रिकेतले. तिथे १८९५ साली जॉन मेडली वूड यांना ओंगोयेच्या रानात सायकसच्या घराण्यातले एक झाड सापडले. नर. त्याची मादी नंतर कोणालाच मिळाली नाही, आणि ते रानातले झाडही पुढे उरले नाही. आज जगातल्या बागांमध्ये त्याचे जे काही वंशज आहेत ते सारे त्या एकाच नराचे फुटवे. नवरदेव तयार, नवरी नाही! तेव्हा जवळच्या जातीच्या मादीशी त्याचा संकर करतात, त्यातून निघालेल्या मादीवर पुन्हा त्याचाच पराग घालतात, आणि अशा पिढ्या करत मूळ जातीच्या शक्य तितके जवळ जायचे, असा हा खटाटोप आहे. एका पिढीला दहा-पंधरा वर्षे धरली, तर हिशेब तुम्हीच करा.

आपला मलबारी त्या वाटेला जाऊ नये. म्हणून ज्याच्याकडे मलबाऱ्याची मादी आहे त्याने निदान एक वर्षाआड तिला मलबाऱ्याच्याच नराचा पराग द्यावा आणि शुद्ध बी धरावे. संकर बी जपान्याच्या मादीवर करावे. संकराची रोपे देवराईत, रानाच्या कडेला किंवा वनीकरणात लावू नयेत. त्यांचा पराग रानातल्या मादीपर्यंत गेला, तर शुद्ध कोणते आणि मिश्र कोणते हे पुढे कोणालाच सांगता येणार नाही.

प्रत्येक पिशवीला आणि पुढे प्रत्येक झाडाला पट्टी हवी. आधी आईचे नाव, मग गुणाकाराचे चिन्ह, मग बापाचे नाव, खाली साल. शाई आषाढात धुऊन जाते. डब्याच्या पत्र्याची पट्टी कापून तिच्यावर खिळ्याने अक्षरे कोरावीत आणि तांब्याच्या तारेने सैल बांधावी. हीच नोंद घरातल्या वहीतही करावी, कारण पहिला शंकू येईल तेव्हा ते झाड बहुधा मुलाच्या किंवा नातवाच्या ताब्यात असेल. आणि ज्या झाडाची आई किंवा बाप कोण हे लिहून ठेवलेले नाही, त्याचे बी कोणी मागितले तरी देऊ नये.